वाचकांचे प्रश्न : वर्गात उच्चारायचे शब्द

प्रश्न : समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण संपवून मी नुकतीच एका स्वयंसेवी संस्थेत रुजू झाले आहे. पुण्यातील महापालिकेच्या माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना प्रजनन आरोग्य शिकवणे हे माझे काम आहे. पहिल्याच तासाला मी ‘योनी’ हा शब्द उच्चारला आणि सारा वर्ग हसत सुटला; वर्गशिक्षिका खाली मान घालून बसून राहिल्या. मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे की मुलांना मैदानावर पाठवावे आणि मी फक्त मुलींशी बोलावे. मुलांनी एकांतात काही सांगितले तर ते कोणालाही सांगणार नाही, असे वचन द्यावे का, हेही मला कळत नाही. घरी आईला मी ‘आरोग्य शिक्षिका’ एवढेच सांगितले आहे. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, येरवडा, पुणे

उत्तर : वर्ग हसला याचे वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या चौदा वर्षांच्या मुलाजवळ शरीराच्या या भागांसाठी एक तर शिवीतला शब्द असतो, नाही तर पाठ्यपुस्तकातला, आणि पुस्तकातला शब्द कोणी मोठ्याने उच्चारलेला त्याने कधी ऐकलेला नसतो. घरात कानावर पडते ते ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आली’ असे, मूळ गोष्ट झाकून ठेवणारे बोलणे. म्हणून पहिल्या तासाला मी आकृती बाजूला ठेवते आणि योनी, गर्भाशय, शिश्न, वृषण, वीर्य, मासिक पाळी हे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून साऱ्या वर्गाकडून ते मोठ्याने वाचून घेते. पहिल्या वाचनाला हशा होतो, दुसऱ्या वाचनाला तो बराच ओसरतो आणि तिसऱ्या तासापर्यंत मुले तेच शब्द प्रश्न विचारताना वापरू लागतात. ‘योनीजवळ खाज येते’ असे डॉक्टरांना सांगू शकणाऱ्या मुलीला वेळेवर औषध मिळते. शब्दच नसलेली मुलगी ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगत राहते, आणि घरचे तिला ओवा चघळायला देतात.

काही रूढ शब्द मात्र खोडून काढावे लागतात, आणि त्यांत पहिला ‘स्वप्नदोष’. या एका शब्दाने मराठी मुलांचे किती नुकसान केले आहे, हे तुम्हाला पहिल्या वर्षातच दिसेल. नववीतल्या एका मुलाने मला चिठ्ठीत विचारले होते, ‘मला हा दोष आहे, मी किती वर्षे जगेन?’ एसटी स्थानकाजवळच्या भिंतीवरची ‘गुप्तरोगा’ची जाहिरात वाचून तो महिनाभर धास्तावलेला होता आणि घरी नीट जेवतही नव्हता. वयात आल्यावर वृषणांत शुक्रपेशी सतत तयार होत राहतात, झोपेत कधीतरी वीर्य बाहेर पडणे स्वाभाविक आहे आणि त्याने शक्ती, स्मरण वा आयुष्य घटत नाही, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. मी त्या तासाला फळ्यावर ‘स्वप्नदोष’ लिहून त्यातला ‘दोष’ पुसला. मुलींच्या बाबतीत ‘अंगावरून पांढरे जाणे’ या शब्दांभोवती अशीच भीती असते. थोडा पांढरा, वास नसलेला स्राव नैसर्गिक असतो. खाज, दुर्गंधी किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर डॉक्टरांकडे जायचे, इतके स्पष्ट सांगावे. पाळी अठ्ठावीस दिवसांनीच यायला हवी, हाही असाच एक गैरसमज आहे. सुरुवातीच्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर सामान्य मानले जाते. ‘विटाळ’ या शब्दावर मी पूर्ण अर्धा तास देते. ते गर्भाशयाचे अस्तर आणि रक्त आहे, त्यात घाण काही नाही, हे एकदा सांगून पुरत नाही; आजीने बाजूला बसवलेली मुलगी ते तिसऱ्यांदा ऐकते तेव्हा कुठे पहिला प्रश्न विचारते.

मुलांना मैदानावर पाठवण्याची सूचना स्वीकारू नका. सुरुवातीचे एक-दोन तास मुलगे आणि मुली वेगळे बसवणे योग्य आहे, शक्य असल्यास मुलांसाठी पुरुष सहकारी असावा, पण मजकूर दोघांना तोच द्यावा आणि नंतर एकत्र तास घ्यावा. बाळ मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून एक्स गुणसूत्र येते की वाय, यावर ठरते. आणि तरीही मुलगी झाली की बोल सुनेला लावला जातो. हे ज्यांनी ऐकायला हवे, त्यांनाच आपण त्या वेळी मैदानावर धाडतो.

मुख्याध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २ हे पुस्तक उघडून ठेवा. मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र त्यात आहे, परीक्षेलाही आहे. बहुतेक वर्गांत मात्र तो भाग ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो. त्यांची भीती निराधार नाही, कारण २००७ मध्ये विरोध झाल्यावर महाराष्ट्रात किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला होता, हे त्या पिढीच्या शिक्षकांना आठवते. त्यानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यातील किशोरवयीनांना सल्ला देणारी ‘मैत्री’ केंद्रे आपल्या राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत आहेत, हे त्यांना सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. म्हणजे नववी-दहावीनंतर या विषयावर बोलायला अनेक मुली शाळेत सापडणारच नाहीत. (रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, तेव्हा त्यांना खटल्यांना तोंड द्यावे लागले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. माझ्यावर विरोधाची वेळ आली की मला त्यांची आठवण येते.)

प्रश्नपेटी अवश्य ठेवा, पण चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची असा नियम करा. ज्याला प्रश्न नाही त्याने सकाळी काय खाल्ले ते लिहावे, म्हणजे कोण लिहीत होते यावरून कोणी ओळखले जात नाही. चिठ्ठ्या वर्गात वाचू नका; घरी वाचून, प्रश्न एकत्र करून पुढच्या तासाला उत्तरे द्या. जेवढे विचारले आहे तेवढ्याचे पूर्ण उत्तर द्यावे. ‘मॅडम, तुम्ही केलंय का?’ असा प्रश्न येईलच; तो माझा खासगी प्रश्न आहे आणि तुमच्या खासगी गोष्टीही मी वर्गात विचारणार नाही, असे न चिडता सांगावे.

आता वचनाबद्दल. ते देऊ नका. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, अत्याचाराची माहिती कळलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वर्षी मी आठवीतल्या एका मुलीला ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द दिला आणि तिने जे सांगितले ते ऐकून तो मला मोडावा लागला. तिला मदत मिळाली, पण ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तेव्हापासून पहिल्याच तासाला मी स्पष्ट सांगते : तुमचे बोलणे मी चघळणार नाही, पण कोणी तुम्हाला इजा करत असेल तर मला ते सांगावे लागेल, आणि कोणाला सांगायचे ते आधी तुम्हाला सांगेन. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांकही फळ्यावर लिहून ठेवा.

आईपासून कामाचे नाव लपवू नका. त्यांना पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी कोणी काय सांगितले होते, एवढे एकदा विचारून पाहा.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. शाळेने अशा तासांसाठी पालकांची संमती मागितली आहे. इतक्या लवकर हे कळल्याने मुले बिघडणार नाहीत ना?
— एक पालक, हडपसर, पुणे

उत्तर : संमती द्या. युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा आहे, आणि अशा शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असेच त्यातून दिसते. सातवी हे लवकरही नाही, कारण पुष्कळ मुलींची पाळी त्याआधीच सुरू झालेली असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दलही याच सुमारास बालरोगतज्ज्ञांना विचारा. ९ ते १४ या वयात दोन मात्रा पुरतात, आणि आपल्याच पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून उपलब्ध आहे. तुम्ही वडील असाल, तर पालकसभेला मात्र मुलीच्या आईला एकटीला पाठवू नका, तुम्हीही जा.