"एक माशी बाधली, आता सगळ्याच बाधणार का?"

द्राक्षं पिकायला लागली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. तासगावच्या वहिनी आल्या, तेव्हा त्यांनी दोन महिने बेदाणा शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आग्यामाशी, म्हणजे आग्या मोहोळाची मोठी मधमाशी, चावून अंगभर गांधी उठल्या होत्या, घसा आवळला होता. त्यात रक्ताच्या अ‍ॅलर्जी-तपासणीचा रिपोर्ट आला: मधमाशी पॉझिटिव्ह, गांधीलमाशीही पॉझिटिव्ह.

"मॅडम, आता घरमाशी घोंगावली तरी छातीत धडधडतंय."

माझं मत पक्कं आहे: भीती चावण्यापेक्षा त्याला आपण दिलेल्या अर्थातून वाढते. म्हणून "घाबरू नका" म्हटलं नाही, रिपोर्टच समोर घेतला. दोन्ही विषांत हायलुरोनिडेज नावाचा घटक आहे, सख्ख्या बहिणींसारखा. शिवाय विषातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्याही मिळत्याजुळत्या. त्यांच्यामुळे तपासणी दोन्हीकडे पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि या साखळ्यांमुळे सहसा त्रास होत नाही. मधमाशीच्या विषात अ‍ॅलर्जी उठवणारं मुख्य प्रथिन फॉस्फोलिपेज ए२. गांधीलमाशीत ए१ आणि अँटिजेन ५. नावं जवळची, पण ए१ आणि ए२ यांचं नातं नाही.

वहिनी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

"म्हंजे रक्त तोंडवळा बघून फसतंय?"

इतकी वर्षं मी हे समजावतेय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. त्यांचं मनही तेच करत होतं. घोंगावणारं जे जे, ते सगळं त्यांना आग्यामाशी वाटत होतं.

पण दोन्हींची खरी अ‍ॅलर्जीही असू शकते, म्हणून त्यांना अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे पाठवलं. घटकांची वेगळी तपासणी झाली, फक्त ए२ पॉझिटिव्ह निघालं, म्हणजे मधमाशीचंच. हा निकाल त्यांचा. प्रत्येकाचा वेगळा असतो, शिवाय गांधीलमाश्यांच्या जातींची विषं आपसांत खूप मिळतात. तेव्हा अंदाजानं निर्धास्त होऊ नका. मधमाशीची नांगी अंगात राहते, ती लगेच काढा. घसा आवळला, गरगरलं, तर कोणती माशी होती हे शोधत बसू नका. डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत टोचा, आडवं झोपवून पाय उंच करा (धाप लागली असेल तर बसवा) आणि १०८ला फोन करा.

पुढच्या वेळी वहिनींनी पर्समधून काडेपेटी काढली. आत चिमट्यानं उचलून ठेवलेल्या दोन मेलेल्या माश्या.

"ही बारीक कंबरेची, गांधील. ही केसाळ, आग्या. हिच्यापास्नं लांब ऱ्हायचं." बोट जरा थरथरत होतं. "इंजेक्शन पिशवीत घेतलंय. उद्या शेडवर जाणार हाय."