बिघाड कार्डात की सेटिंगमध्ये? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

स्क्रीनवर काहीही बिनसलं की 'ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) गेलं' असं कुणीतरी ठामपणे सांगतं, आणि वाचक मला विचारतात की आता नवं कोणतं घेऊ. थांबा. आधी दोन गोष्टी पाहा. पीसी सुरू होताना विंडोज येण्याआधी कंपनीचा लोगो दिसतो, त्याच्यावरही दोष दिसतो का? आणि दोष दिसत असताना घेतलेला स्क्रीनशॉट मोबाइलवर उघडला तर त्यातही तो आहे का? दोष लोगोवरच असेल तर विंडोजच्या सेटिंगला हात लावून काही होणार नाही. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर तपासावा लागतो. हे दोन्ही लिहून कळवलंत तर मला निदान काहीतरी सांगता येतं.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण फरक जाणवत नाही. फसवणूक झाली का?

नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन हर्ट्झचा (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, तो) आकडा ६० च्या जागी १४४ निवडा; यादीत १४४ नसेल तर मॉनिटरसोबत आलेली केबल वापरा.

प्रश्न : नवं कार्ड बसवलं, पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं.

केबल मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून खाली कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. तरीही चित्र आलं नाही तर कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते का ते बसवणाऱ्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : लॅपटॉपला फॉरमॅट मारल्यापासून अक्षरं मोठी आणि पसरट दिसतात. रिझोल्यूशन बदलता येत नाही. दुकानदार म्हणतो, डिस्प्ले बदलावा लागेल.

डिस्प्ले बदलू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असं लिहिलेलं असेल तर तुमच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला ते भाग चालवता यावेत म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) बसलेलाच नाही आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवत आहे. इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालवा. काम झालं नाही तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन मागच्या बाजूचा मॉडेल नंबर टाका आणि तिथूनच ड्रायव्हर घ्या.

'तुमचे २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत' अशी भीती घालून पैसे मागणारी 'ड्रायव्हर अपडेटर' सॉफ्टवेअर्स कृपा करून टाकू नका. ड्रायव्हर कंपन्या फुकट देतात. त्यासाठी पैसे मागणारा माणूस तुमच्या अडचणीचा धंदा करतो आहे. ड्रायव्हर टाकूनही चित्र तसंच राहिलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी निदान घ्या, आणि मगच डिस्प्लेच्या खर्चाचा विचार करा.

प्रश्न : पीसी टीव्हीला जोडला तर कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो.

हे टीव्हीचं ओव्हरस्कॅन आहे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो. टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' असा पर्याय शोधा. पीसीचं रिझोल्यूशन बदलत बसू नका.

प्रश्न : मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइन करतो. नव्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसतो. मित्राने 'डिजिटल व्हायब्रन्स' वाढवून दिलं, आता स्क्रीन छान दिसते पण छपाई फिकी येते.

मित्राने मूळ दोष तसाच ठेवून वर रंग चढवला आहे. व्हायब्रन्स पुन्हा ५० टक्क्यांवर आणा. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला कार्ड कधी कधी टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच उजेडाच्या पातळ्या (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत) पाठवतं. काळा राखाडी दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. एनव्हिडिया (ग्राफिक्स चिपची कंपनी) कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन' इथे 'आउटपुट डायनॅमिक रेंज' फुल करा. विंडोजचं एचडीआर आणि नाइट लाइट बंद ठेवा. ग्राहकाचे पैसे घेऊन रंगाचं काम करता, तेव्हा मॉनिटर उपकरणाने कॅलिब्रेट करून (रंग मोजून जुळवून) घ्या आणि रंगाचं प्रोफाइल छापखान्याशी बोलून ठरवा.

प्रश्न : ओळखीच्या माणसाकडून मुलासाठी 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' कार्ड निम्म्या किमतीत घेतलं. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं. पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी होते. तो म्हणतो, 'मी पेन ड्राइव्हवर दिलेलाच ड्रायव्हर वापरा, अपडेट करू नका, सेटिंगला हात लावू नका.' कोणती सेटिंग चुकते आहे?

सेटिंग चुकलेली नाही. कार्ड बनावट असण्याची दाट शक्यता आहे. अशी पत्रं सतत येतात म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर एक छोटी बायॉस चिप असते. कार्डाची ओळख तिच्यात लिहिलेली असते आणि विंडोज तीच वाचून नाव दाखवतं. लबाड लोक जुन्या, टाकाऊ कार्डाच्या बायॉसमध्ये १०५० टीआयची ओळख लिहितात. जुन्या स्कूटरला नव्या गाडीची नंबरप्लेट लावावी तसा हा प्रकार आहे. आत बहुतेकदा २०११ च्या सुमाराची जीटीएक्स ५५० टीआयसारखी 'फर्मी' या जुन्या पिढीची चिप असते. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कूडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) असतात, ५५० टीआयमध्ये १९२. मेमरीही ४ जीबी सांगितली तरी प्रत्यक्षात बहुधा १ जीबीच असते, त्यामुळे गेम थोडा पुढे गेला की चित्र फाटतं किंवा पीसी अडकतो.

आता काळ्या स्क्रीनचं कारण. अधिकृत ड्रायव्हर नावावर विश्वास ठेवून पास्कल, म्हणजे १०५० टीआयच्या पिढीच्या आज्ञा देतो, आतली चिप त्या जाणत नाही, आणि सगळं कोसळतं. एनव्हिडियाने २०१८ मध्ये फर्मीला नियमित नवे ड्रायव्हर देणं थांबवलं, त्यामुळे विकणाऱ्याला स्वतःचा फेरफार केलेला ड्रायव्हर द्यावाच लागतो. 'अपडेट करू नका' हे वाक्य त्यासाठीच आहे. तो पेन ड्राइव्ह पीसीला पुन्हा लावू नका. कुणी काय फेरफार केला आहे ते तपासल्याशिवाय त्यातला ड्रायव्हर पीसीत ठेवणं धोक्याचं आहे, आणि तुम्ही त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार करत असाल.

खात्री अशी करा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घेऊन चालवा. २०१८ पासून ते अशा कार्डांच्या नावाआधी 'फेक' लिहून दाखवतं. कार्डाची मागची पट्टीही पाहा. निळं व्हीजीए पोर्ट असेल तर संशय पक्का धरा, कारण एनव्हिडियाच्या १० मालिकेच्या चिपमधून तो ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. कार्डाच्या डब्यावर, स्टिकरवर किंवा ओळखीवर भरवसा ठेवू नका. स्टिकर कुठेही छापून मिळतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती उशिराची. घरचे म्हणतात 'चालतंय तोवर चालू दे', विकणारा म्हणतो 'पुढच्या आठवड्यात बघू', आणि परत करण्याची मुदत निघून जाते. आजच जीपीयू-झेडच्या स्क्रीनचा फोटो काढा, विकणाऱ्याशी झालेले मेसेज जपा, पैसे दिल्याची पावती शोधा आणि लेखी परतावा मागा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगात तक्रारीला साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, पण ओळखीतल्या खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूचं काय, हे एखाद्या वकिलाला किंवा ग्राहक संघटनेला विचारून घ्या. इतर वाचकांना सांगतो : सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल नसेल तर कार्ड घेऊ नका, मग दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं असो की गल्लीतलं. जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच पीसीवर, अधिकृत ड्रायव्हर टाकून अर्धा तास गेम चालवून पाहा. तो नाही म्हणाला तर परत या.

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंग करताना स्क्रीन क्षणभर काळी होते आणि 'ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं' असा संदेश येतो. एका व्हिडिओत रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) 'टीडीआर डिले' वाढवायला सांगितलं आहे.

रजिस्ट्रीला हात लावू नका. कार्डाने ठरावीक वेळेत, साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. ती वेळ, म्हणजे 'टीडीआर डिले', वाढवली तर संदेश उशिरा येईल, दोष तसाच राहील. कार्ड ओव्हरक्लॉक केलं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलं) असेल तर ते काढा, तापमान पाहा, पंख्यातली धूळ साफ करून घ्या, ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका. तरीही होत असेल तर पॉवर सप्लाय अपुरा किंवा खराब असू शकतो. तो घरी उघडू नका, बंद केल्यावरही आत धोकादायक विद्युतभार राहतो. जाणकाराकडून दुसरा सप्लाय लावून तपासून घ्या.

प्रश्न : रिझोल्यूशन वाढवलं आणि 'आउट ऑफ रेंज' आलं.

कुठलंही बटण न दाबता १५ सेकंद थांबा, विंडोज आपोआप मागे जातं. चुकून 'कीप चेंजेस' दाबलं गेलं असेल तर घरचा टीव्ही जोडून 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन निवडा.

प्रश्न : पाच वर्षं जुन्या गेमिंग लॅपटॉपवर रंगीत चौकोन दिसतात, कंपनीच्या लोगोवरही. दोन महिने तसाच वापरते आहे. एक जण चिपला 'हीट' देऊन दुरुस्त करतो म्हणतो. घेऊ का करून?

दोष लोगोवर आहे, म्हणजे सेटिंगचा प्रश्न संपला. चिप किंवा तिची मेमरी बिघडलेली असावी. हीट देऊन घेऊ नका. गरम केल्याने तडकलेले सांधे तात्पुरते जुळतात, लॅपटॉप काही दिवस किंवा आठवडे चालतो आणि पुन्हा बंद पडतो. तोवर त्या माणसाने दिलेली तोंडी वॉरंटी संपलेली असते. पुष्कळदा तडा चिपच्या आतल्या सूक्ष्म सांध्यांना असतो, तिथे चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलणारं रीबॉलिंगही पोचत नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानेच लॅपटॉपच्या काही चिप्सच्या पॅकेजिंगमध्ये कमकुवत साहित्य असल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. हा दोष गरम हवेने बरा होत नाही.

आज रात्रीच फोटो आणि कामाच्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. दोन महिने घालवलेत, आता एक दिवसही नको. मग सर्व्हिस सेंटरकडून मदरबोर्ड बदलण्याचा लेखी खर्च घ्या. तो नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर मी दुरुस्ती सुचवणार नाही.

प्रश्न : ४के मॉनिटरवर माउस अडखळत चालतो. कार्ड बदलू का?

आधी ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये पाहा. तिथे ३० हर्ट्झ दिसत असेल आणि ६० निवडता येत नसेल तर केबल किंवा पोर्ट बहुधा एचडीएमआय १.४ चं आहे. ४के ला ६० हर्ट्झ हवं असेल तर कार्ड आणि मॉनिटर दोन्हीकडे एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. नवी केबल घेण्याआधी दोन्हींची मॉडेल नावं दुकानात दाखवा.