उंची १६९ सेंटिमीटर, अंतिम फेऱ्या १२

चि. खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, टेनिसमधला तुझा उंचीचा प्रश्न. वाढ थांबली, समोरच्या मुली वीतभर उंच, त्यांची सर्व्हिस खांद्यावर उसळते. तर एकेरी सोडून दुहेरीकडे वळू का, असं तू विचारलंस. काही ठरवण्याआधी अरांचा सांचेझ-व्हिकारियोची कारकीर्द सामन्यागणिक वाच. बार्सिलोनाची ही खेळाडू जेमतेम १६९ सेंटिमीटर. हुकमी सर्व्हिस नाही, एका फटक्यात गुण संपवणारा फोरहँड नाही. तरी ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) एकेरीच्या १२ अंतिम फेऱ्या, त्यांत ४ विजेतेपदं, आणि ६ फेब्रुवारी १९९५ रोजी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. तिथं पोचलेली ती पहिली स्पॅनिश महिला.

'ती सगळं परतवायची' एवढं सांगून लोक थांबतात. ते अर्धंच खरं आहे. त्या अर्ध्यावर विसंबून कित्येक मुली बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) तीन मीटर मागं उभ्या राहतात आणि चेंडू नुसता पलीकडे ढकलत बसतात. असा चेंडू सर्व्हिस बॉक्सजवळ (जाळीलगतच्या चौकटीजवळ) पडतो, समोरची पुढं येते आणि गुण संपवते. अरांचाचा चेंडू खोल पडायचा. ओढली गेली की ती उंच, क्रॉसकोर्ट (कर्णाच्या दिशेनं, तिरका) मारायची आणि तेवढ्यात जागेवर परतायची.

यामागचं गणित साधं आहे, ते पाठ कर. एकेरीचं कोर्ट २३.७७ मीटर लांब, ८.२३ मीटर रुंद. कर्णाची लांबी सुमारे २५.१५ मीटर, म्हणजे क्रॉसकोर्ट मारताना जवळजवळ १.४ मीटर जास्त जागा मिळते. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर, खांबाशी १.०७ मीटर. कोपऱ्यात ओढली गेलेली मुलगी घाईनं सरळ रेषेत मारते तेव्हा ती उंच जाळीवरून, आखूड कोर्टात मारत असते. शिवाय पुढचा फटका समोरची क्रॉसकोर्ट मारणार, म्हणजे सगळी रुंदी धावायची. क्रॉसकोर्ट मारलंस तर परत येण्याचं अंतरही कमी होतं. अगदी मधोमध यावं लागत नाही, ज्या बाजूनं मारलंस त्या बाजूला पाऊलभर आधीच थांबायचं.

सरावात बेसलाइनच्या आत दीड मीटरवर खडूनं रेघ मार. चेंडू जाळीच्या वर मीटर-दीड मीटरनं जायला हवा आणि रेघ व बेसलाइन यांच्या मध्ये पडायला हवा. आधी सलग १०, मग २०. आखूड पडत असेल तर हाताची ताकद वाढवायला धावू नकोस. बहुतेक वेळा वजन मागच्या पायावर राहिलेलं असतं किंवा चेंडू शरीराच्या मागं घेतलेला असतो. दुसरी गोष्ट पायांची: समोरचीची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी तुझ्या छोट्या उडीनंतरचे दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. आधी टेकलेत तर टाचा बसतात. उशीर झाला तर दिशा कळूनही तू हवेतच असतेस. मातीच्या कोर्टावर घसरणं फटक्याआधी सुरू होऊन फटक्याबरोबर संपलं पाहिजे. मारून झाल्यावर घसरलीस तर परतीचं पाऊल गेलंच.

आता १९९४ हे वर्ष. मला तिच्या सगळ्या कारकिर्दीत हेच सर्वांत शिकण्यासारखं वाटतं, १९८९ पेक्षाही. १९८९ ची पॅरिसमधली फ्रेंच ओपन सगळ्यांना आठवते, आणि आठवावीच: वय १७, समोर स्टेफी ग्राफ, जी त्याआधीच्या सलग पाच ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकून आली होती. तिसऱ्या सेटमध्ये ग्राफ ५-३ वर सामन्यासाठी सर्व्हिस करत होती. अरांचानं तिथून सलग चार गेम घेतले: ७-६, ३-६, ७-५. पण सतराव्या वर्षी मोकळ्या हातानं खेळता येतं. जानेवारी १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत त्याच ग्राफनं तिला ६-०, ६-२ असं झोडपलं. जूनमध्ये तिनं मेरी पिअर्सला ६-४, ६-४ हरवून पॅरिस पुन्हा जिंकलं. ऑगस्टमध्ये कॅनडात ग्राफला तीन सेटमध्ये हरवलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, पुन्हा ग्राफ, पहिला सेट १-६. पुढचे दोन ७-६, ६-४. जानेवारीचा निकाल मनात असताना १-६ नंतर दुसरा सेट टायब्रेकपर्यंत (६-६ नंतरच्या निर्णायक गेमपर्यंत) ओढणं, याचा सराव कुठल्या ड्रिलमध्ये होत नाही. तो होतो हरलेल्या सेटमधल्या शेवटच्या दोन गेममध्ये. ०-५ मागं असताना तू गेम सोडून देतेस, ते आधी बंद कर.

हरलेल्या आठ अंतिम फेऱ्याही वाच, कारण तिच्या खेळाची किंमत तिथं दिसते. १९९५ ची विम्बल्डन अंतिम फेरी, तिसरा सेट ५-५, अरांचाची सर्व्हिस. त्या एका गेममध्ये ३२ गुण आणि १३ ड्यूस (४०-४० ची बरोबरी) झाले. तो गेम ग्राफनं घेतला आणि ७-५ नं सामनाही. १९९६ मध्ये पॅरिसला तिसऱ्या सेटमध्ये तिनं दोनदा सामन्यासाठी सर्व्हिस केली. शेवट १०-८, जिंकली ग्राफ. हातघाईच्या वेळी सर्व्हिसवर फुकटचा गुण मिळत नसेल तर प्रत्येक गुण घाम गाळूनच कमवावा लागतो. तुलाही तेच करावं लागणार. म्हणून पहिली सर्व्हिस ताशी दहा किलोमीटर कमी वेगानं कर, पण १०० पैकी ६५ आत पडू देत. दुसऱ्या सर्व्हिसला फिरकी दे आणि अधूनमधून ती समोरचीच्या अंगावर टाक. उंच मुलींना लांब हात आवरायला जागा मिळत नाही.

आणि दुहेरी? एकेरी सोडून दुहेरी नव्हे, दोन्ही. अरांचानं एकेरीची २९ आणि दुहेरीची ६९ विजेतेपदं मिळवली, आणि १९९५ मध्ये दोन्ही क्रमवारींत ती एकाच वेळी पहिली होती. १९९४ च्या त्याच अमेरिकन ओपनमध्ये याना नोव्होत्नाबरोबर दुहेरीही तिनंच जिंकली. दुहेरीत परतीचा फटका पुढं येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी टाकावा लागतो, जाळीजवळच्या खेळाडूच्या डोक्यावरून लॉब (उंच उचललेला चेंडू) काढावा लागतो. हेच फटके एकेरीत तुझ्याकडे नाहीत. आठवड्यातले दोन दिवस दुहेरीला दे. लॉब बॅकहँडच्या खांद्यावरून काढ, फोरहँडकडे आखूड पडला तर स्मॅशच येतो.

ऑलिंपिकची चार पदकं (बार्सिलोना आणि अटलांटा, प्रत्येकी एक रौप्य, एक कांस्य) आणि स्पेनसाठी फेड कपची (महिलांच्या सांघिक स्पर्धेची) पाच विजेतेपदं तू वाचशीलच. १९९८ चा पॅरिसचा गुणफलक मात्र वहीत लिहून ठेव: मोनिका सेलेसविरुद्ध ७-६, ०-६, ६-२. मधला सेट शून्यावर गेला, तरी तिसरा तिनं नव्यानं सुरू केला. तेव्हा ती २६ वर्षांची होती.

पुढचे सहा सामने वहीत तीन रकाने ठेव: पहिली सर्व्हिस किती आत, रेघेपलीकडे पडलेले चेंडू किती, मागं असताना सोडून दिलेले गुण किती. तिसरा रकाना आईला भरायला सांग, तू स्वतः भरू नकोस. सहा सामने झाले की वही पाठव, मग एकेरीचं बोलू.