पाटल्यांचं काय, ते आधी बोला

पत्र, थोडक्यात: मावशी, मी 57 वर्षांची निवृत्त शिक्षिका, नागपुरात राहते. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजोबा मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, पंच होते. बावीस वर्षं मी संडे स्कूल घेतलं. दर शुक्रवारी उपास करते, पेन्शनचा दशांश न चुकता देते. बाबा आधीच गेले होते. आई गेल्यावर तिच्या नावानं चर्चला दोन पंखे दिले. तरी माझं तारण, म्हणजे पापांतून सुटका, झालंय याची खात्री वाटत नाही. रात्री दोनला जाग येते. सभांमध्ये तीनदा हात वर करून झाला. एक नवी मंडळी म्हणते, पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घ्या. पुण्याची धाकटी बहीण महिन्यातून एकदा चर्चला जाते, उपास नाही की काही नाही, आणि म्हणते, ‘माझं तारण झालंय, येशूनं केलंय.’ इतकं सोपं असतं का? कर्मांवाचून विश्वास निर्जीव, असं बायबलात याकोब म्हणतोच ना? तिच्याशी हल्ली बोलणं कमीच. आईच्या पाटल्या कपाटातून मी काढून ठेवल्यात हे तिला ठाऊक नाही, पण तो वेगळा विषय. माझा विश्वास कसा वाढवू, तेवढं सांगा. – एक बेचैन भगिनी

उत्तर:

अवो बाई, चार पानी पत्र तुमचं. उपासाला एक पान, बहिणीला सव्वा पान, आणि पाटल्यांना दीड ओळ. वर ‘तो वेगळा विषय’! वेगळा काहून? तुमच्या सगळ्या पत्रात मला तोच एक विषय दिसला.

आधी हिशेबाचं बोलून घेऊ, म्हणजे आडोसा उरणार नाही. ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. आईवडील दोघंही गेलेले, मृत्युपत्र नाही, लेकी दोनच, तर आईच्या मालमत्तेत निम्मा वाटा तुमचा, निम्मा बहिणीचा. ‘मी गेल्यावर मोठीनं घ्याव्यात’ असं आई तोंडानं म्हणाली असेल, तरी त्याचं मृत्युपत्र होत नाही; ते लेखी लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आईनं जिवंतपणी हातात काढून दिल्या असत्या तर गोष्ट निराळी. पण तुम्हीच लिहिता, कपाटातून काढल्या. म्हणजे त्यातली एक पाटली बहिणीची आहे, आणि ती तुम्ही दडवून ठेवली आहे.

आता तुम्हाला वाटत असेल, मी लिहिणार की पाटली परत करा म्हणजे तारण मिळेल. मुळीच लिहिणार नाही. तसं लिहिलं तर दोन पंख्यांच्या पाठोपाठ तुम्ही पाटलीही देवाच्या नावावर जमा कराल आणि पुन्हा रात्री दोनला उठून बसाल.

प्रेषित पौलानं बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात सुवार्ता, म्हणजे तारणाची बातमी, दोन वचनांत सांगून टाकली आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. यात तुमच्या वाट्याचं काम शोधून दाखवा. नाही सापडणार. झालं ते सगळं त्यानं केलं. इफिसकरांच्या पत्रात पुढचं येतं: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान म्हणून, कोणी फुशारकी मारू नये म्हणून कर्मांनी नाही. हे वचन तुम्ही मुलांकडून पाठ करून घेतलं असणार. तुम्हाला ते खरं वाटत नाही, इतकंच.

तुम्ही विश्वासालाही कर्म करून टाकलंय. उपास एक, दशांश दोन, पंखे तीन, विश्वास चार. मग चौथा रकाना भरला की नाही हे रात्री उठून तपासायचं. भरल्यासारखं वाटलं नाही की पुढच्या सभेत पुन्हा हात वर. असा विश्वास कुणाचाच पुरा पडत नाही, कारण त्याची नजर सारखी स्वतःकडे. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा, ज्याच्या मुलाला भूत जमिनीवर आपटायचं. तो ओरडून म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूनं त्याला विश्वास वाढवून मग ये असं सांगितलं नाही. पोरगं तिथंच बरं केलं. अर्धामुर्धा, थरथरता विश्वास होता, पण योग्य माणसाच्या पायाशी होता. तेव्हा वाढवण्याचं विचारू नका, आहे तेवढा पुरतो.

तो पुरत नाही असं तुम्हाला का वाटतं, हे रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सापडेल. पौल तिथं दोन साक्षीदार उभे करतो. पहिला अब्राहाम. त्यानं देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, हे उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात. सुंतेची आज्ञा येते सतराव्यात. मुलगा इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा, सुंता झाली तेव्हा 99 चा. म्हणजे नीतिमान गणला गेल्यावर निदान तेरा वर्षं त्याच्या अंगावर कसलीही खूण नव्हती, मोशेचं नियमशास्त्र तर शेकडो वर्षं दूर. पौलाचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे. तुमच्या याकोबाचं उत्तरही इथंच मिळतं. अब्राहामानं मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवल्याचा दाखला याकोब देतो, तो उत्पत्तीच्याच बाविसाव्या अध्यायातला. विश्वास गणला गेला होता तो फार आधी. वेदीपाशी तो कृतीतून दिसला. पौल मुळाबद्दल बोलतो आणि याकोब फळाबद्दल. तुम्ही मूळ रुजायची वाट न पाहता फांद्यांना फळं दोऱ्यानं बांधत बसलात.

दुसरा साक्षीदार दावीद राजा, आणि तो खास तुमच्यासाठी. पौल 32 वं स्तोत्र घेतो: ज्याच्या पापांवर पांघरूण घातलं गेलं तो धन्य. पौल तिथंच थांबतो, तुम्ही पुढची वचनं वाचा. मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर भारी होता. मग तो पाप कबूल करतो आणि क्षमा मिळते. दावीद तिथं विश्वास वाढवत नाही, लपवणं सोडतो. तुमचा रात्री दोनचा आजार हा आहे. ज्याची क्षमा हवी आहे तीच गोष्ट तुम्ही देवापुढे कधी नावानं ठेवलेली नाही. ‘प्रभू, आम्हा पाप्यांना क्षमा कर’ असं घाऊक म्हणून भागत नाही, कारण क्षमा कशाची झाली हे तुमच्या मनालाच कळत नाही.

बहिणीचंही बोलू. तुम्ही तिचे रविवार मोजता. लूकच्या अठराव्या अध्यायात एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून हेच करत होता: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, आणि त्या जकातदारासारखा मी नाही याबद्दल आभार. उपासाच्या बाबतीत तो तुमच्याहून एकानं पुढेच होता. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याला वर बघायचंही धाडस झालं नाही. तुम्हाला बहिणीचं ‘सोपं’ खुपतं. सोपं ते तिला आहे तसंच तुम्हालाही आहे. फक्त ते घ्यायला मोकळे हात लागतात आणि तुमच्या हातात आईच्या पाटल्या आहेत.

आजोबांचं एका वाक्यात: 29 नोव्हेंबर 1970 ला ज्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तिथं तीन पिढ्यांचा अभिमान मला कळतो, पण ‘अब्राहाम आमचा बाप’ म्हणणाऱ्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं दगड दाखवले होते: देव यांच्यातूनही अब्राहामाला मुलं उभी करू शकतो. आणि पुन्हा बाप्तिस्मा? नको. आणखी एक रकाना होईल तो.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट तुम्ही बावीस वर्षं शिकवलीत, तिचा क्रम एकदा नीट बघा. तो उंबराच्या झाडावर असतानाच येशू म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तोवर जक्कयानं कुणाला एक पैसाही परत केलेला नाही. येशू घरी येतो, आणि मग जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट देतो. चौपट देऊन त्यानं येशूला घरी बोलावलं नाही. पण येशू घरात आल्यावर ते पैसे त्याला पेटीत ठेववले नाहीत, हेही तितकंच खरं.

आणि भरपाई कुणाला करायची, हे बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्वच्छ लिहिलं आहे. अपराध कबूल करावा, घेतलेलं पुरतं परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याचं घेतलं त्यालाच द्यावं. ते याजकाकडे कधी जातं? घेणारं जवळचं कुणीच उरलं नसेल तेव्हा. तुमची बहीण पुण्यात धडधाकट आहे, आणि तिची पाटली दडवून तुम्ही चर्चच्या छताला पंखे लावलेत. वारा मंडळीला लागतो, बहिणीचं देणं तसंच.

तेव्हा हा शुक्रवार उपासाचा नाही. सकाळी नीट जेवा. मग दार लावून देवापुढे ती गोष्ट तिच्या नावानं म्हणा: मी आईच्या पाटल्या लपवल्या, बहिणीपासून चोरल्या. ‘चोरल्या’ हा शब्द गिळू नका. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय, नववं वचन उघडं ठेवा: आपण पापं कबूल केली तर तो क्षमा करायला विश्वसनीय आणि न्यायी आहे. तेवढं वाचा आणि उठा. काही वाटतंय का, हे तपासत बसू नका. वाटेल किंवा वाटणार नाही, क्षमा त्याच्या वचनावर उभी आहे.

दुपारी इतवारीत सराफाकडे दोन्ही पाटल्यांचं वजन करून चिठ्ठी घ्या. आणि त्याच संध्याकाळी बहिणीला फोन. व्हॉट्सॲप नको, पाळकसाहेबांना मध्ये घालणं नको. एवढंच पुरे: पाटल्या माझ्याकडे आहेत, मी तुझ्यापासून लपवल्या, माझं चुकलं, पुढच्या महिन्यात घेऊन येते, तुला कोणती हवी ते आधी तू निवड. ‘तू दूर होतीस’, ‘आईची सेवा मीच केली’, यातलं एकही वाक्य नको, खरं असलं तरी. पाचवा हिस्सा द्यायचा असेल तर एका पाटलीच्या वजनाचा काढा; वीस ग्रॅमची असेल तर चार ग्रॅम सोनं. तो नियम तुमच्यावर दंड म्हणून नाही, मन झालं तरच द्या. कुरिअरनं पाठवू नका, स्वतः जा.

ती भडकेल. भडकू द्या, तिचा हक्क आहे तो. तिला क्षमेची वचनं ऐकवू नका, ‘सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर’ हा येशूचा हिशेब तर मुळीच नको. ते वचन क्षमा करणाऱ्यासाठी आहे, मागणाऱ्यानं दाखवायला नाही. ती सहा महिने बोलली नाही तर सहा महिने थांबा. देवाची क्षमा त्या फोनच्या आधीच झालेली असेल, म्हणून तिच्याकडून लगेच ओढून घ्यायची गरज तुम्हाला पडणार नाही.