हॉल नको, पंगत द्या

"ताई, मी ५६ वर्षांचा, चिंचवडला राहतो. आई ८१ वर्षांची. गाव माण तालुक्यात. आई माळकरी, ३८ आषाढी वाऱ्या पायी केलेली. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून तिचं मनगट मोडलं, तेव्हा शेत वाट्यानं दिलं आणि तिला फ्लॅटवर आणलं. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे चारला उठते. कामवाली यायच्या आधी भांडी घासून मोकळी. एकादशीला पाण्याचा थेंब घेत नाही. मागच्या एकादशीला साखर उतरली, चक्कर आली, एक रात्र दवाखान्यात काढली. त्या दिवशी मी सांगून टाकलं, एकादशी बंद आणि वारीचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून ती फक्त 'बरं' म्हणते. सहस्रचंद्रदर्शनासाठी हॉल बुक केलाय, तर म्हणाली, 'माझा कशाला बाजार मांडताय?' आयुष्यभर राबली, आता आराम करावा एवढंच म्हणतो. तिला कसं समजावू?"

सही झाल्यावर खाली बारीक अक्षरात: "लहानपणी आईनं जवळ घेतलेलं मला आठवत नाही. ती कायम रानात, नाहीतर देवात."

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा खालून वर. त्या बारीक ओळीकडे येतेच, पण आधी एकादशीचं बोलू, कारण ती काही आपल्यासाठी थांबत नाही, पंधरा दिवसांनी दारात हजर.

मधुमेहाच्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढत राहतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. त्यात म्हातारपणी तहान लागल्याचं कळतच नाही. हे सगळं निर्जळीच्या दिवशी एकत्र आलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलंत. तेव्हा दशमीच्या आधी आईंना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि उपासाच्या दिवशी कुठली गोळी द्यायची, कुठली नाही, साखर कधी कधी तपासायची, ते लिहून आणा. घरच्या घरी ठरवू नका. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे तोडगा नव्हे, तिनं साखर भरकन चढते.

आता, डॉक्टर म्हणाले म्हणून आई पाणी घेतील असं मला वाटत नाही. त्यांना पटेल असा आधार त्यांच्याच बाजूला आहे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत एकादशीचा उपास सांगितलाय तो आठ वर्षांपुढच्या आणि ऐंशी पुरी न झालेल्या माणसाला. तुमच्या आईंची ऐंशी पुरी झाली. रजा मंजूर आहे, फक्त कुणी कळवलेली नाही! ती तुम्ही कळवू नका. मुलाच्या तोंडून ती पळवाट वाटेल. ज्यांच्या हातून माळ घातली ते महाराज, किंवा दिंडीचे विणेकरी, यांना फोन लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. दूध, पाणी, फळं घ्यायची आणि हरिपाठ आहे तसा चालू ठेवायचा, एवढ्यावर तडजोड होईल असा माझा अंदाज आहे.

वारीच्या बाबतीत निम्मी मी तुमच्या बाजूची आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात, मध्ये दिवेघाट, वर पाऊस, रात्री राहुटीतला मुक्काम. पडून मनगट मोडलेल्या ८१ वर्षांच्या बाईंना ते झेपणार नाही, आणि हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असणार. ३८ वाऱ्या केलेल्या माणसाला रस्ता माहीत असतो. पण 'झेपणार नाही' हे स्वतः म्हणायची संधी तुम्ही त्यांना दिलीत कुठे? फर्मान निघालं.

असं करा. पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा गाडीनं त्यांना तिथं न्या. तुमच्या गावाकडून ते काही लांब नाही. संध्याकाळच्या समाजआरतीला त्यांच्याच दिंडीत बसू द्या. चोपदारानं दंड उंचावला की तो एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो, कुणाचं काय हरवलं-सापडलं ते पुकारलं जातं, मग आरती. तुम्ही हे कधी पाहिलंय का? नसेल तर आई दाखवतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडीबरोबर चार पावलं, मग गाडी. पंढरपूरला गर्दी ओसरल्यावर आडदिवशी जा, आणि तिथवर गेलातच तर जवळच्या गोपाळपूरलाही जाऊन या. जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात तिथं. गाडीतून कसली वारी, असं त्या म्हणाल्याच तर आठवण द्या, २०२० आणि २०२१ साली करोनात माउलींच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. आणि हो, राज्यात ७५ वर्षांपुढच्यांना २०२२पासून एसटी फुकट आहे. तुमच्या आई मनात आणतील तर एखाद्या पहाटे पिशवी घेऊन वल्लभनगरच्या स्टँडवर उभ्या असतील. विचारून नेलेलं बरं.

आता 'आराम'. हा शब्द तुमच्या पत्रात फार प्रेमानं आलाय, पण तुमच्या आईंना तो शिक्षेसारखा ऐकू येत असावा. गावाला बियाणं कधी घ्यायचं, कुणाला किती पायली उसनी द्यायची, म्हैस कधी विकायची, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालत असणार. फ्लॅटमध्ये त्यांच्या शब्दावर काय चालतं? काही नाही. मग पहाटे उठून निदान भांडी तरी घासतात. कारभार गेलेल्या माणसाला हाताला काहीतरी लागतं.

म्हणून त्यांना एखादं खातं द्या, खरंखुरं. 'आजी, एवढी मेथी निवडता का' असली मन रमवायची कामं त्यांना लगेच ओळखू येतात. वर्षाचं धान्य कुठून आणि किती घ्यायचं, ज्वारीला ऊन कधी दाखवायचं, पालखीच्या दिवसांत वारकऱ्यांना घरातून काय जायचं, हे त्यांनी ठरवावं, पैसे त्यांच्या हातात असावेत, आणि हिशेब तुम्ही विचारू नये. वाट्याच्या शेताचा व्यवहार आजही तुम्ही फोनवर बघत असाल. तो फोन त्यांच्या हातात द्या. वाटेकऱ्याला त्या तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

भांड्यांबद्दल मात्र एक विचारते. रोजची चकमक स्वयंपाकघरात होत असणार, आणि पत्रात तुमच्या पत्नीचा उल्लेख एकाही ओळीत नाही. ते घर त्यांचंही आहे. वरच्या गोष्टी ठरवायच्या आधी त्यांच्याशी बोला, नाहीतर पुढचं पत्र मला त्यांचं येईल. (पहाटे चारला उठणं मोडायला जाऊ नका, मोडणार नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, खाली न घसरणारी चटई टाका आणि रात्रभर एक बारीक दिवा ठेवा. मनगटावर निभावलं, खुब्यावर निभावत नाही.)

हॉलचं बुकिंग रद्द करा, आगाऊ पैसे बुडाले तरी. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. तुमच्या आईंच्या आधार कार्डावर, त्यांच्या वयाच्या कितीतरी बायकांसारखी, १ जानेवारी हीच जन्मतारीख असेल, तेव्हा चंद्र मोजत बसण्यात अर्थ नाही. त्या पैशातून त्यांच्या नावानं दिंडीत एक पंगत द्या. आयुष्यभर इतरांच्या पंगतीत वाढलं, एकदा आपली पंगत व्हावी, ही इच्छा वारकरी बाईंच्या मनात असते. तोंडानं मागणार नाहीत.

आता ती बारीक ओळ. 'तेच त्यांचं प्रेम होतं' असं सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. मुलाला जवळ घेतलेलं आठवत नाही, हे दुःख खरं आहे, आणि ५६व्या वर्षी ते कागदावर आलं हे बरं झालं. पण एक हिशेब मांडून बघा. १९७२च्या दुष्काळात तुम्ही तीन वर्षांचे होता. माणमध्ये तेव्हा बायका दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, पोर सावलीला झोळीत, रेशनवर लाल मिलो ज्वारी. तुमची आई तेव्हा तिशीच्या आतली. त्या कामावर होत्या की नाही, झोळीत तुम्ही होता की नाही, हे मला माहीत नाही. तुम्हालाही बहुधा माहीत नाही. विचारलंय कधी?

आणि मला एक शंका आहे, रागावू नका. एकादशी बंद, वारी बंद, यातला थोडा राग साखरेवरचा नसेल. ज्या रानानं आणि ज्या देवानं आई पळवली, त्यातलं रान दोन वर्षांपूर्वी तुम्ही काढून घेतलंत. आता देवाची पाळी.

'जवळ का घेतलं नाहीस' असं विचारलंत तर 'वेळ कुठं होता' एवढंच येईल आणि दोघंही अवघडाल. दुसरी वाट आहे. तुमच्या आईंनी लग्नानंतरची पहिली काही वर्षं तरी जात्यावर दळलं असेल. दळताना बायका ओव्या म्हणायच्या, आणि दिवसा तोंडातून न निघणारं सगळं पहाटेच्या अंधारात निघायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, माहेरचा भाऊ आहे, सासुरवास आहे आणि लेक आहे. ओवीत आपल्या बाळाचं नाव घालायची रीत होती.

शेंगा सोलायला घेऊन आईंच्या शेजारी खाली बसा. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून खिशातच राहू द्या, 'चालू ठेवलंय' एवढं सांगा. मग विचारा, "आई, दळताना माझ्यावर काही म्हणायचीस का गं?"

काय म्हणाल्या ते मला कळवा. नाही कळवलंत तरी चालेल.