सुटकेसमधला रेकॉर्ड प्लेअर घ्यावा का?

प्रश्न: घरात नाट्यगीतांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तीसेक जुन्या रेकॉर्ड्स आणि थोड्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या) आहेत. स्पीकर आतच असलेला, सुटकेससारखा मिटणारा छोटा प्लेअर घ्यायचा विचार आहे. त्याने रेकॉर्ड्स खराब होतात म्हणतात, ते खरं का? दुकानात काय तपासावं? – एक वाचक, सांगली

उत्तर: पेटी छोटी आहे म्हणून रेकॉर्ड झिजते, असं नाही. सुई किती भाराने टेकते आणि तिचं टोक कसं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. स्वस्त सुटकेस प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असतं, आणि त्याची सुई पाच-सहा ग्रॅम भाराने टेकते. मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड ते साडेतीन ग्रॅम पुरतात. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो सोबत न्या. मोटर बंद ठेवून, रेकॉर्डच्या उंचीवरच सुई काट्यावर टेकवा. सहाच्या वर आकडा गेला तर तो प्लेअर घेऊ नका.

मग वेग. एलपीच्या लेबलवर कागदाचा कपटा चिकटवा, सुई टेकवून रेकॉर्ड चालू करा आणि फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० भरले पाहिजेत. १०३ भरले तर सूर जवळजवळ पाव स्वर चढलेला असतो. हार्मोनियमवर सा धरून सोबत गायला बसलात की हे लगेच खटकतं.

स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे एक तपासणी चुकवू नका. मोटर बंद, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर, आणि आवाज हळूहळू पाऊणपर्यंत वाढवा. घुमल्यासारखा ‘हूंऽऽ’ सुरू झाला, तर स्पीकरचे हादरे सुईपर्यंत पोचताहेत. अशा प्लेअरवर तबल्याचा बायाँ कधीच नीट ऐकू येणार नाही. बाहेरच्या स्पीकरसाठी लाइन आउटचं सॉकेट असेल तरच तो घेण्यात अर्थ आहे.

शेवटी एलपीच्या बाजूचं अखेरचं गाणं लावा. कडेला रेकॉर्डवरची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. सगळा नाद तेवढ्याच जागेत दाटलेला असतो, म्हणून स आणि श तिथे आधी चरचरतात. सुई उडी मारत असेल तर दुकानदार टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, नाणं ठेवून दाखवेल. ते मान्य करू नका. प्लेअर सपाट जागेवर ठेवून पुन्हा पाहा. तरीही उडत असेल तर दोष टोनआर्मचा आहे, आणि नाण्याचा भार तुमच्या खाचेला सोसावा लागतो.

आता ७८. बटणावर ७८ लिहिलंय म्हणजे मोटर त्या वेगाने फिरते, एवढंच. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास, तर ७८ला सुमारे ७६ मायक्रॉनची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घसरत जाते. गाण्यापेक्षा खरखर जास्त. म्हणून त्याच कार्ट्रिजला बसणारी ७८ची वेगळी सुई मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसेल तर तुमच्या संग्रहासाठी हा प्लेअर कामाचा नाही. सुई हिऱ्याची घ्या. सॅफायरची फार लवकर झिजते.

आणि ७८ला स्पिरिट लावू नका. ती लाखेची असते, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लेबल कोरडं ठेवून, डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसा आणि लगेच कोरडी करा.

प्रश्न: प्लेअर घरच्या ॲम्प्लिफायरला जोडला, पण आवाज अगदी बारीक आणि पातळ येतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर: मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात. ते ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटलाच जोडा; ते नसेल तर मध्ये फोनो प्रीअँप (हा बारीक सिग्नल मोठा करणारी पेटी) लावा. सिरॅमिकचं उलट: त्याचा सिग्नल मुळात मोठा, तो ‘ऑक्स’ लिहिलेल्या साध्या सॉकेटला द्यावा. फोनोला दिला तर आवाज फाटतो.