पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठतं का? आणि अजून तीन प्रश्न

प्रश्न: मॅडम, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोस्टिंगमध्ये एक ताई आल्या, तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतात, दुसऱ्या डोसनंतर पाळी आलीच नाही. घाण रक्त पोटात साठतंय म्हणाल्या, मला धड सांगताच आलं नाही.

उत्तर: अगं, हा प्रश्न तुला आयुष्यभर विचारतील, म्हणून नीट समजून घे. या इंजेक्शनमध्ये फक्त प्रोजेस्टिन नावाचं हार्मोन असतं, त्याने अंडं बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. अस्तर वाढलंच नाही तर गळणार काय आणि साठणार काय? एवढंच सांग, आणि "घाण रक्त" हा शब्द तुझ्या तोंडी नको, पाळीचं रक्त घाण नसतं. पण मला खरं वाईट वाटतं ते वेगळंच, त्यांना हे पहिल्या डोसच्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवं होतं, की आधी अधूनमधून डाग लागतील, मग पाळी बंदही होईल, आणि इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात. न सांगता सुई दिली की बाई घाबरते आणि परत येतच नाही. डोस वेळेवर झालेत ना ते कार्डवर बघ, दिवस राहिल्याची शंका असेल तर युरिन टेस्ट करून घे. आणि पुढच्या डोसला थोडा उशीर झाला म्हणून त्यांना परत पाठवू नकोस, जागतिक आरोग्य संघटनेच्या गाइडलाइनप्रमाणे ४ आठवडे उशीर झाला तरी देता येतो.

प्रश्न: गर्भनिरोधक गोळ्यांचं, २८ गोळ्यांचं पाकीट आहे, तिसऱ्या आठवड्यात सलग तीन गोळ्या राहिल्या. आता काय?

उत्तर: आठवल्याबरोबर एक घ्या, मग रोजची रोज चालू ठेवा, आणि ७ दिवस कंडोम वापरा किंवा संबंध टाळा. शेवटच्या ७ गोळ्यांमध्ये हार्मोन नसतं, त्या यावेळी फेकून द्या आणि सरळ नवीन पाकीट सुरू करा, त्या महिन्यात पाळी नाही आली तरी चालतं. आणि ताई, डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखायचा त्रास असेल, बीपी असेल, किंवा पस्तिशी उलटलीय आणि सिगारेट ओढता, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांकडून दुसरं साधन घ्या.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पितं, पाळी नाही. काही वापरायची गरज आहे का?

उत्तर: तीन गोष्टी एकत्र हव्यात. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नसणं. यातली एक जरी तुटली तरी भरवसा संपला, आणि तुमच्याकडे महिनाच उरलाय, म्हणून कॉपर टी वगैरे काय ते आत्ताच ठरवा. पाळी यायच्या आधीच अंडं सुटतं, त्यामुळे पाळीची वाट बघत बसू नका.

प्रश्न: इमर्जन्सी गोळीने गर्भपात होतो का? वर्गात यावरून भांडण झालं.

उत्तर: नाही. ती अंडं बाहेर पडणं लांबवते, गर्भ रुजला असेल तर तिचा काही उपयोग नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ५ दिवसांपर्यंत कॉपर टी बसवता येते, ती तर गोळीपेक्षाही जास्त खात्रीची आणि पुढे १० वर्षं चालते.